भुजंगरावाचा स्लॅब

वकिलाने पंख्याखाली बसून केळं सोललं, आणि कांताबाईला वाटलं, हा आपल्यालाच सोलून राह्यला.

"हे बघा पुंजाराम," केळ्याचा घास गालात ठेवून वकील म्हणाला, "वकीलपत्राचे झाले. आता कैफियतीचे द्या. टायपिंग, झेरॉक्स वेगळं. तारखेचे तारखेला. आणि मुन्शीला काय द्यायचं ते तुमच्या खुशीनं."

"आमची खुशी कव्हाच मेली साहेब," कांताबाई म्हणाली. "माती देऊन आलो तिला."

पुंजारामने तिला कोपर मारलं. मग बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि नोटा अशा काढल्या, जसा कुणी स्वतःचा दात काढून द्यावा. वकिलाने त्या टेबलावरच्या केळ्याच्या सालीशेजारी ठेवल्या. मोजल्यासुद्धा नाहीत. कांताबाईला त्याचाच जास्त राग आला. अरे, ज्या नोटांसाठी ती उन्हाळाभर डोक्यावर वाळू वाहत होती, त्यांच्याकडे निदान बघ तरी!

बाहेर पायरीवर येताच तिने तोंड उघडलं. "घर घेतलं तव्हा रजिस्ट्रीचे भरले. स्टॅम्पचे भरले. लिहिणाऱ्याला दिले, साक्षीदारांना नाष्टा दिला. मंग हे कशाचे?"

"कोर्टाचे."

"आपण काय कुणाचा खून केला?"

"हळू बोल. लोकं बघून राह्यले."

"बघू द्या! बघायचे पैसे घेत न्हाई कुणी. तेवढंच फुकट हाय हितं."

गोष्ट अशी होती. टेंभुर्णीत वस्तीतली वडिलांची जागा विकून, वर पोटाला चिमटे काढून साठवलेलं घालून, पुंजारामने गावातल्या मधल्या गल्लीत भुजंगरावाचं जुनं घर घेतलं होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे हातभर ओटा. पण गावात! वस्तीतून गावात यायला पुंजारामच्या बापाचा जन्म गेला होता. राहायला गेले त्या दिवशी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला, बुद्धवंदना झाली, आणि शेजारची एक म्हातारी तोंडावर पदर धरून दार लावून बसली. कांताबाईने मुद्दाम तिच्या दाराशी जाऊन खिरीची वाटी ठेवली. म्हातारीने दार उघडलं नाही. वाटी मात्र दुसऱ्या दिवशी धुऊन परत आली.

पुंजाराम गवंडी. अख्ख्या गावावर स्लॅब टाकून बसलेला माणूस, आणि स्वतःच्या डोक्यावर पत्रा. म्हणून कांताबाईने ट्रंकेत पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली होती. उन्हाळा संपायच्या आत आपल्याही घरावर स्लॅब. आणि मध्येच कोर्टाचं समन्स आलं. अक्षता अकरावीत होती, तिने मोठ्याने वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज बसत गेला. भुजंगरावाची सख्खी बहीण गिरिजाबाई हिने दावा लावला होता. घर बापाचं, निम्मा वाटा तिचा, तिची सही न घेता विकलं. भुजंगराव पहिला प्रतिवादी. दुसरा पुंजाराम.

"पण सही कामून घेतली न्हाई, बाबा?" अक्षताने विचारलं.

पुंजारामने डोकं खाजवलं. "भुजंगराव म्हणले, बहिणीचं काय, तिला साडीचोळी करा, हक्क सुटला. आपल्यात बी तसंच असतंय की."

आणि साडी तर कांताबाईने स्वतः निवडली होती! मेंदी रंगाची, जरीच्या काठाची. घराचा ताबा घेतला त्या दिवशी गिरिजाबाई शहागडहून आलेली होती. कांताबाईने तिला पाटावर बसवलं, सगळ्यांसमोर साडी मांडीवर ठेवली. गिरिजाबाई चौकटीला धरून रडली. बायका म्हणाल्या, झालं, घराच्या लेकीची पाठवणी झाली. कांताबाईचे पण डोळे भरून आले होते. आता त्या पाण्याचीसुद्धा तिला चीड येत होती.

*

भुजंगरावाने आलेल्या पैशात जालन्याच्या रस्त्याला नवं घर काढलं होतं. आणि ते बांधत कोण होतं? पुंजाराम. विटेवर वीट तोच ठेवत होता. खालून माल कांताबाई देत होती, आणि तिच्या मागे पुंजारामची थोरली बहीण मालनबाई. नवरा गेल्यापासून मालनबाई माहेरच्या गावी आली होती. वस्तीच्या टोकाला कुणाच्या तरी गोठ्याला लागून भाड्याच्या खोलीत राहायची. बोलायची कमी. घमेलं भरलं की डोक्यावरची चुंबळ नीट करायची आणि चालायला लागायची, एवढंच तिचं बोलणं.

म्हणजे बघा, वकील एकीकडे ट्रंकेतला यांचा स्लॅब खात होता, आणि दुसरीकडे हे भुजंगरावाचा स्लॅब उभा करत होते. कांताबाईच्या डोक्यात हे गणित रोज उकळायचं.

भुजंगराव बुलेटवरून आला. मजुरांना कागदी कपात चहा आला, त्याला स्टीलच्या पेल्यात. त्याने स्लॅबसाठी ठोकलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांकडे मान वर करून पाहिलं. "पुंजा, शनिवारी पडंल ना स्लॅब?"

"पडंल मालक. फक्त एक हाय, सुरू केला की मधी थांबवायचा न्हाई. माणूस थांबंल, माल थांबत न्हाई. वाळला की नव्या-जुन्याचा जीव जमत न्हाई, सांधा पडतो. जन्मभर गळतंय तिथनं."

"कोण थांबवतंय? तू म्हणशील तेवढी माणसं देतो. स्लॅबच्या दिवशी मटण माझ्याकडून."

कांताबाईने कप खाली ठेवला. "मालक, मटण राहू द्या. वकिलाचं बघा. तुमच्या बहिणीचा दावा, तुमच्या घराचा वाद, आन् खर्चा आम्ही करून राह्यलो."

भुजंगराव हसला. "आता घर कुणाचं? तुमचं. मंग कटकट कुणाची?"

"मारका बैल इकायचा, आन् शिंग लागलं की म्हणायचं शिंगं तुमची?"

दोघीतिघी मजूर बायका पदराआड फिस्कन हसल्या. भुजंगरावाचं हसू विझलं. तो पुंजारामकडे वळला. "पुंजा, बाईला जरा समजव. मी बोलावलं म्हणून काम हाय. गवंडी काय टेंभुर्णीत एकच न्हाई."

आणि पुंजाराम, सहा फुटी पुंजाराम, जो ओळंबा न लावता भिंत सरळ उचलायचा, तो परांचीवरून खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या मालक. बाईमाणूस हाय. तोंडाला हाड न्हाई तिच्या."

कांताबाईने घमेलं उचललं. इतकं भरलं, इतकं भरलं की मालनबाई म्हणाली, "कांता, मान मोडंल."

"मोडू द्या आक्का. ताठ ठेवून तरी काय फायदा? घरचाच वाकवून राह्यला."

रात्रीचं जेवण झालं नाही. म्हणजे झालं, पण भाकरीवर भाकर आपटत झालं.

"तुम्ही मला बाईमाणूस कामून म्हणले?"

"मंग काय म्हणू?"

"माल मी वाहते तव्हा मी मजूर असते. वकिलाला पैसे द्यायच्या टायमाला बराबरची असते. तोंड उघडलं की बाईमाणूस?"

पुंजारामने ताटात हात धुतला. "काम गेलं तर वकिलाला कुठून देशील?"

बोलणं खरं होतं. म्हणून तर तिला जास्त राग आला.

*

पुढच्या तारखेला जज्जसाहेब रजेवर होते. तारीख पुढे गेली. वकील मात्र रजेवर नव्हता, त्याने तारखेचे मागितले.

"तारीख झालीच न्हाई तर कशाचे?"

"मी आलो ना," वकील म्हणाला.

"आम्ही बी आलो की! आमची मजुरी बुडली, ती कोण देतंय?"

पुंजाराम पैसे काढत राहिला. कांताबाई तिथून उठली. तिला कुणाशी तरी भांडायचं होतं, आणि आवाराच्या कोपऱ्यात लिंबाच्या सावलीला नेमकी गिरिजाबाई बसलेली दिसली. पायातल्या चपला काढून ठेवलेल्या, टाचा भेगाळलेल्या, फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. शहागडहून दोन एसट्या बदलून आली होती.

कांताबाई सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "गोड लागते का भाकर? लागंलच. दुसऱ्याच्या घराला आग लावून बसली की शेक बी मिळतो, भाकर बी भाजते."

गिरिजाबाईने घास खाली ठेवला. "कोणाचं घर?"

"माझं! साडी घेतली तव्हा हात आखडला न्हाई तुमचा. पाटावर बसल्या, साडी घेतली, रडल्या. आन् वर दावा?"

गिरिजाबाईने शेजारची पिशवी ओढली आणि आतून साडी काढली. मेंदी रंगाची. घडी मोडलेली नव्हती. दुकानाचा कागदसुद्धा तसाच.

"घे," ती म्हणाली. "हरेक तारखेला आणते. तुला द्यायची म्हणून. तू कधी तोंडाकडंच बघितलं न्हाई."

कांताबाईचा हात पुढे झाला नाही.

"माझ्या भावानं फोन केल्ता, घरी कार्यक्रम हाय, ये. मी आले. बघते तर माझ्या आईच्या चुलीपाशी तू. पाटावर बसवलं मला, साडी ठेवली, बायका म्हणल्या, पाठवणी झाली. अगं, तुझ्या साडीनं मला कळलं की घर इकलं. तोवर मला कुणी एक शब्द बोललं नव्हतं."

लिंबाची पिवळी पानं भाकरीवर पडत होती. गिरिजाबाईने ती उचलून टाकली नाहीत.

"मला तुझं घर नको," ती म्हणाली. "माझा वाटा भावानं दाबला, तो त्यानं द्यावा. वकील म्हणला, घरात जे राहतंय त्याचं बी नाव टाकावं लागतंय. त्याला तरी काय, जितके जास्त प्रतिवादी तितके जास्त कागद."

तेवढ्यात समोरच्या टपरीवरून दोन्ही वकील बाहेर पडले. तिचा आणि यांचा. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकलेला, कशावर तरी हसत होते. चहाचे पैसे बहुतेक पुंजारामनेच दिले असावेत, कारण तो मागे उभा राहून सुट्टे मोजत होता.

दोघी बायका ते बघत राहिल्या.

"कुत्रं बी खाताना गुरगुरतं," कांताबाई म्हणाली. "हे तर मिळून खातात."

गिरिजाबाई हसली. हसताना तिचा एक पडका दात दिसला. मग ती एकदम म्हणाली, "तुमची जागा इकली तव्हा तुझ्या नणंदेला काय दिल्तं?"

"मालन आक्काला? साडी... पन तिनं खुशीनं दिल्ता आंगठा."

"इचारल्तं का खुशी?"

कांताबाईच्या तोंडाला हाड नव्हतं म्हणतात. त्या वेळी जणू हाडच हाड झालं. ती जमिनीवरच फतकल मारून बसली, गिरिजाबाईच्या फडक्यातला भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेच्याला लावला.

"शनिवारी तुमच्या भावाचा स्लॅब हाय," ती चावता चावता म्हणाली. "सख्ख्या बहिणीला बोलावणं आलं का?"

"न्हाई."

"मंग मी बोलावते. या. नारळ घेऊन या."

*

शनिवारी ऊन सकाळपासूनच चटके द्यायला लागलं. मिक्सर घरघरायला लागला. खडी, वाळू, सिमेंट, पाणी. बायकांची रांग लागली, खालून वर फळीच्या उतारावर, हातातून हातात घमेली. वर पुंजाराम लाकडी पाटा ओढत माल सपाट करत होता. सळयांवर अनवाणी पाय ठेवायचे, तर तळवे भाजायचे. भुजंगराव पांढऱ्या कपड्यांत, अंगणात नव्या ट्रॅक्टरच्या सावलीला खुर्ची टाकून बसलेला. गावातली चार मोठी माणसं शेजारी. मागे चुलवणावर मटण शिजत होतं आणि त्याचा वास रांगेतल्या रिकाम्या पोटांतून फिरत होता.

स्लॅब निम्म्याला आला आणि गिरिजाबाई रस्त्यावर उतरली. हातात ताट, ताटात नारळ, निरांजन.

भुजंगराव खुर्चीतून उठला. "तू? तुला कुणी बोलावलं?"

"घरावर स्लॅब पडतोय भावाच्या. बहिणीला बोलावणं लागतं का?" ती त्याच्यासमोर ताट घेऊन उभी राहिली. "ओवाळते. ओवाळणीत माझा वाटा टाक."

"नाटकं करू नको! कोर्टात जे व्हायचं ते होईल. चल, हो बाजूला."

रांगेच्या मधोमध कांताबाई होती. हातात आलेलं घमेलं तिने वर दिलं नाही. खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे असं की ते दाणकन वाजलं.

"काय झालं?" खालची बाई म्हणाली.

"काम बंद."

मिक्सर फिरत होता, खाली माल पडत होता, पण वर जात नव्हता. भुजंगराव धावत आला. "ए बाई! घमेलं उचल!"

"न्हाई उचलत. आधी माझ्या वकिलाचा खर्चा द्या. आतापर्यंत गेला तो सगळा. आन् बहिणीचा वाटा कबूल करा. मंग उचलते."

"दुसऱ्या उचला गं! हिला हाकला!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाच्या पोराची फी होती, कोणाचं किराण्याचं उधार. मटणाचा वास अजून येतच होता. कांताबाईला वाटलं, संपलं, आता आपण एकट्याच. आणि तेवढ्यात तिच्या मागून घमेलं ठेवल्याचा आवाज आला. हळू, सावकाश, जसं कुणी झोपलेलं मूल खाली ठेवावं.

मालनबाईने घमेलं ठेवलं होतं. डोक्यावरची चुंबळ काढून ती त्याच्यावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

मग पटापट सगळी घमेली खाली आली.

भुजंगरावाच्या मानेवरची शीर फुगली. "तुमची लायकी काढली तर... तुम्ही लोकं..."

"बोला की," कांताबाई म्हणाली. "थांबले कामून? आम्ही लोकं, मंग पुढं? इतके जण ऐकायला हायत, साक्षीदार फुकट. बोला!"

शेजारच्या मोठ्या माणसांनी एकदम मोबाईलमध्ये बघायला सुरुवात केली. भुजंगरावाने वर मान केली. "पुंजा! ए पुंजा! सांग तुझ्या बायकोला! माल वाळून राह्यला!"

सगळ्यांनी वर पाहिलं. कांताबाईने पण. तिला ठाऊक होतं आता काय येणार. जाऊ द्या मालक. बाईमाणूस.

पुंजाराम स्लॅबच्या काठावर उभा होता. घामाने बंडी अंगाला चिकटलेली, पोटऱ्यांपर्यंत सिमेंट. त्याने खाली बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग हातातला पाटा ओल्या मालावर आडवा ठेवला आणि त्यावर बूड टेकून बसला.

"वाळू द्या मालक," तो म्हणाला. "कटकट कुणाची? घर ज्याचं त्याची."

खाली कुणीतरी शिट्टी मारली. कांताबाईला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही आलं म्हणून पुन्हा रागच आला.

ऊन काम करत होतं. ओल्या मालाचा काळा रंग कडेकडेने पांढरा पडायला लागला. मिक्सरवाला ओरडला, ड्रम जाम होईल. भुजंगराव एकदा वर बघायचा, एकदा खाली. शेवटी त्याने शिवी दिली, कोणाला ते कळलं नाही, आणि राहत्या घरी माणूस पाठवला. नोटांची गड्डी आली. त्याने ती कांताबाईच्या पायाशी फेकली.

"हातात द्या," ती म्हणाली.

त्याने वाकून उचलली. हातात दिली.

"आन् माझं?" गिरिजाबाई म्हणाली.

"तारखेला येतो. तडजोड लिहून देतो. वाटा देतो तुझा. झालं?"

"तुझा शब्द मी लहानपणापासनं ओळखते." तिने पुढे होऊन अंगणातल्या नव्या ट्रॅक्टरची चावी काढली आणि पदराच्या गाठीला बांधली. "तारखेला ये, लिहून दे, चावी घे." मग निरांजन पेटवून तिने भावाला खरोखरच ओवाळलं. तो दगडासारखा उभा राहिला.

रांग पुन्हा सुरू झाली. पुंजारामने उठून वाळलेल्या कडेवर पाणी मारलं, सिमेंटचा रबडा ओतला, थापीने टोचे मारले. जेवढं करता येतं तेवढं केलं. मग काठावर येऊन खाली बोलला, "मालक, खोटं बोलणार न्हाई. हितं सांधा पडला. पावसाळ्यात गळंल."

*

दिवस मावळताना तिघं घरी निघाले. पुंजाराम पुढे, खांद्यावर पाटा. मागे कांताबाई, डोक्यावर रिकामं घमेलं, कमरेला गड्डी खोचलेली. तिच्या अंगात वारं शिरलं होतं. ती एकटीच बोलत होती. "कसं तोंड झाल्तं त्याचं! हातात द्या म्हणले, तर वाकला! आक्का, बघितलं का? वाकला!"

"बघितलं," मालनबाई म्हणाली.

"तुम्ही ठेवलं घमेलं म्हणून झालं हो. न्हाईतर मी एकटी तिथं..."

"कांता."

"काय?"

मालनबाई रस्त्याकडेच बघत चालत होती. "वस्तीतल्या जागंवर म्या बी आंगठा दिल्ता. मला न्हाई कुणी इचारलं." मग म्हणाली, "साडी चांगली हाय. पन पावसाळ्यात मी गोठ्यात राहते."

कांताबाईचे पाय जागीच थांबले. पुढे पुंजाराम चालतच होता. ऐकलं होतं त्याने. खांद्यावरचा पाटा एकदा हलला, त्यावरून कळलं. पण तो वळला नाही, उलट पाय जरा जल्दी उचलायला लागला.

"अक्षताचे बाबा!"

तो थांबला नाही.

कांताबाईने डोक्यावरचं घमेलं उतरवलं आणि भर रस्त्यात खाली ठेवलं.